पिवळ्या पानांवरचा उपाय

दिगू, परवा अकोल्याला तुझ्या जुन्या ऑफिसात शोकसभा झाली. चौघे बोलले. तू वेळेवर यायचास, तू साधा राहायचास, तुझं मातीवर फार प्रेम होतं. एकानं तर तुला भूमिपुत्र करून टाकलं. तू ऐकत असतास तर शेजारच्याला कोपर मारून म्हणाला असतास, "कोनाबद्दल बोलून राह्यले रे हे?" मलाही बोलायला उठवलं. "शाळेपासूनचे मित्र, मूर्तिजापूरचे डॉक्टर" अशी माझी ओळख करून दिली. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. पेशंटला सोडून कुणाशीही बोलायची माझी सवय गेली आहे.

तुझ्या चुकीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मेलेल्याची चूक काढू नये ही रीत मलाही माहीत आहे. पण तुझ्या नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला मनापासून आवडलेली गोष्ट तीच होती, आणि तीच वगळून तुझ्यावर बोलायचं म्हणजे मिठाशिवाय वरण. म्हणून हे बसून लिहितो आहे. रडायचं काय ते तुझ्या घरी रडून झालं.

अमरावतीच्या शाळेत तू आलास तेव्हा पोरं तुला मातीखाऊ म्हणायची. तुझं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि शेतात उन्हाळ्यात मीठ फुलतं, अशा गावचा तू. तुझी आई पेरणीआधी मातीचा खडा जिभेवर ठेवून कुठल्या तुकड्यात काय येईल ते सांगायची, आणि तूही तिचंच बघून शिकलास. शाळेच्या मैदानातली माती चाखून तू एकदा म्हणालास, "हे चांगली हाय, इथं ज्वारी पेराले पाह्यजे, पोट्टे कायले पळवता?" मास्तरांनी तुला बाकावर उभं केलं. मला तेव्हाच वाटलं होतं, हा पुढं एक तर येडा होईल नाही तर सरकारी नोकर.

तू सरकारी नोकर झालास. शेतकी शिकून अकोल्याच्या माती तपासणीत लागलास. मी डॉक्टर होऊन मूर्तिजापूरला स्टेशनच्या वाटेवर दवाखाना टाकला. रविवारी तू पॅसेंजरनं उतरायचास, आमच्याकडे जेवायचास आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझ्याशी भांडायचास. भांडण एकच, फक्त त्याला दर रविवारी नवं निमित्त. तुझं म्हणणं, माणसाला होतं ते सगळं जमिनीतून येतं. माझं म्हणणं, जमिनीतून काहीही येवो, मला समोरच्या माणसाचं पोट बघायचं असतं. तू म्हणायचास, "तुमी डाक्तर लोक पानी सांडल्यावर पुसत बसता, घागर कुठं फुटली ते पाहत नाई." मी म्हणायचो, "घागर पाह्याले तू हायेस ना लेका, मंग पाय."

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या सुमाराची गोष्ट. सुभद्राबाई दवाखान्यात आली. भाजीबाजारात बसणारी, आमच्या घरचीही भाजी तिच्याकडूनच यायची. तिचा नवरा नामदेव रेल्वेच्या गँगमध्ये. बौद्ध दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावातली मेलेली ढोरं ओढायची कामं सोडली, तेव्हा गावानं त्यांना मजुरीला बोलावणं सोडलं, आणि ती दोघं मूर्तिजापूरला आली. नामदेवाचा पगार आणि सुभद्राबाईची पाटी, यावर दोन मुली शाळेत जात होत्या.

बाई पोट धरून वाकली होती. मुरडा असा की बोलता येईना, आणि शौचाला तर चार-चार दिवस होत नव्हतं. चेहरा राखेच्या रंगाचा. मी जंताचं औषध द्यायच्या तयारीत होतो. जीभ बघायला तोंड उघडायला लावलं, आणि हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली, पेन्सिलीनं ओढावी तशी. ती रेघ शिसं पोटात गेल्याशिवाय येत नाही. आम्हाला शिकवताना छापखान्यातल्या आणि रंगकाम करणाऱ्या माणसांची उदाहरणं देत. भाजीवालीचं उदाहरण कुणी दिलं नव्हतं.

मी विचारलं, "काय खातेस तू?"

"खाऊ काय डाक्तर?" ती म्हणाली. "दिवसभर जे इकलं नाई, ते संध्याकाळी आमीच खातो. पालक काय सकाळपर्यंत टिकते?"

हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं, की भाजीवालीच्या घरी रोज न खपलेली भाजी शिजते. गाव तिचा पालक आठवड्यातून एकदा खायचं, तिचं घर रोज खायचं. मी तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघितला. तांबड्या पेशींत निळे ठिपके होते, तीही शिशाचीच खूण. मोठ्या मुलीच्या रक्तातही थोडे सापडले. पालक कुठं पिकवतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, बॅटरीच्या दुकानामागं.

पुढच्या रविवारी तुला गाडीतून उतरल्या उतरल्या मी तिकडं नेलं. माझ्या बायकोचा स्वयंपाक तसाच राहिला, त्याबद्दल तिनं तुलाच बोल लावला.

स्टेशनजवळचं ते दुकान तुला आठवत असेल. खेड्यांत वीज नव्हती तेव्हा. लोक रेडिओच्या बॅटऱ्या बैलगाडीत घालून तिथं भरायला आणायचे, तंबूतल्या सिनेमावाल्यांच्या बॅटऱ्याही तिथंच यायच्या. जुन्या बॅटऱ्या उघडून दुकानदार आतला शिशाचा गाळ आणि तेजाब मागच्या पडीक जागेत ओतायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानंच ती जागा सुभद्राबाईला फुकट वापरायला दिली होती, आणि आपल्याला म्हणाला होता, "साहब, जमीन पडी थी, बाई ने सोना कर दिया." खरंच सोनं होतं. इतका हिरवागार, रुंद पानांचा पालक मूर्तिजापुरात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. माझी बायको मुद्दाम तोच घ्यायची.

तू वाफ्यात उकिडवा बसलास, चिमूटभर माती उचललीस आणि जिभेवर ठेवलीस. मी ओरडलो, "अरे, त्याच्यात शिसं हाय म्हणून तुले आनलं ना!" तू थुंकलास आणि माझ्याकडं बघितलंस. असा चेहरा तुझा मी कधी पाहिला नव्हता.

"गड्या," तू म्हणालास, "आंबट हाय."

मला त्यात विशेष वाटलं नाही. मग तू मला समजावलंस, वाफ्याच्या बांधावर बसून, पोराला समजवावं तसं. आपली वऱ्हाडातली काळी माती चुनखडीची. खारट लागेल, तुरट लागेल, पण आंबट लागणार नाही. जोवर मातीत चुना आहे तोवर शिसं मातीतच घट्ट बसून राहतं, मुळांच्या हाती लागत नाही. चुना संपून माती आंबट झाली की तेच शिसं पाण्यात सुटतं, मुळं ते पाण्याबरोबर ओढतात आणि पालकासारखी भाजी ते पानात साठवते. तुझ्या पिशवीत ॲसिडची छोटी बाटली असायची. रस्त्याकडेच्या मातीवर तू थेंब टाकलास, ती सोडावॉटरसारखी फसफसली. वाफ्यातल्या मातीवर टाकलास, ती ढिम्म.

"दुकानातलं तेजाब वाहून आलं असन," मी म्हटलं.

"तेवढ्यानं चुना संपत नाई," तू म्हणालास. "भल्ला चुना असते आपल्या मातीत. कोनीतरी रोज टाकल्याशिवाय हे होत नाई." आणि तू सुभद्राबाईला विचारलंस, "बाई, तुमी वाफ्याले काय देता?"

तू तिला 'तुमी' म्हणालास. मी तोवर तिला 'तू' म्हणत होतो. त्या दिवसापासून माझंही बदललं.

ती पोटदुखीनं वाकलेली होती तरी हसली. "तुमीच त सांगतलं होतं साहेब."

मग तिनं सांगितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी शेतकी खात्याची गाडी आली होती. भोंगा लावला होता, आणि भोंग्यावरून तू बोलत होतास. आपल्या चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात, बागाईतदारांनी घाबरू नये, मातीला थोडी आंबट करावी, गंधक टाकावं, किंवा जाणकाराला विचारून पाण्यात अगदी थोडं तेजाब मिसळून द्यावं. सुभद्राबाईचा पालक तेव्हा पिवळा पडत होता. गंधकाला पैसे पडतात. तेजाब शेजारी फुकट होतं. बॅटरीवाला जुनं तेजाब ओतून द्यायचा, तिनं ते मडक्यात घेतलं आणि पाटाच्या पाण्यात मिसळून द्यायला लागली. पानं काळीभोर हिरवी झाली. तिनं मनात तुला दुवा दिला आणि दर पाण्याला तेजाब घालायला लागली.

खारपाणपट्ट्यातल्या पोराला मातीचा एकच रोग माहीत होता, खार. त्या रोगावरचा उपाय तू सगळ्या वऱ्हाडाला सांगत फिरलास. तुझा उपाय खोटा नव्हता, तुझ्या गावच्या जमिनीला तो लागूही पडला असता. पण बॅटरीच्या दुकानामागं एक वाफा असेल आणि तिथली बाई तुझं इतकं मन लावून ऐकेल, हे तुझ्या हिशेबात नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या मातीनं ते शिसं धरून ठेवलं होतं, तिचे हात आपण सोडवले, असं तू गाडीची वाट बघताना म्हणालास. मी म्हटलं, "आपन नाई. तू." हे मी तेव्हा म्हणालो आणि आज पुन्हा म्हणतो. माझ्याशी वाद न घालण्याचा तुझा तो पहिलाच रविवार.

पालक तू पिशवीतून अकोल्याला नेलास. पुढच्या खेपेला मी विचारलं की शिसं पानात होतं की पानावर उडालेल्या धुळीत? तर म्हणालास, तीनदा धुतला, मग जाळून राख केली, राखेचं पाणी केलं, आणि हिरवं औषध घातल्यावर ते लाल झालं. रस्त्यापलीकडच्या मळ्यातला पालक तसाच तपासला तर हिरव्याचं हिरवंच राहिलं. दोन्ही मळ्यांत वारा तोच, धूळ तीच. फरक फक्त मातीचा. तू हे जिंकल्यासारखं सांगितलं नाहीस.

भांडण झालं ते त्यानंतर. मी म्हटलं, मी नगरपालिकेला कळवतो आणि ती जागा बंद करतो. तू म्हणालास, चुना आणि शेणखत घालून जमीन सुधारू, पालेभाजी बंद करून वांगी लावू, वांग्याच्या झाडाचं मूळ शिसं धरून ठेवतं, फळापर्यंत फार थोडं जाऊ देतं.

"प्रयोग कोनावर करून राह्यला तू?" मी ओरडलो. "पोट त्या बाईचं हाय."

"जागा बंद कर," तू शांतपणे म्हणालास. "मंग ते कुठं जाईन सांग. पाटी घेऊन फिरन? का गावात जाईन, ढोरं ओढाले? तुह्या दवाखान्यात याच्यावर औषध हाय काय?"

माझ्याकडं नव्हतं. म्हणून मी तुझं ऐकलं, पण पटलं म्हणून नाही. दिगू, आजही मला पटलेलं नाही. त्या भाजीनं गावात आणखी कुणाला काही झालं का, हे मी वर्षभर प्रत्येक पोटदुखीत शोधत होतो. नक्की असं कुणी सापडलं नाही. सापडलं असतं तर मी तुला तोंड दाखवलं नसतं.

पालक उपटायला तू सांगितलंस तेव्हा सुभद्राबाई तुझ्याशी जे बोलली ते तुझ्या साहेबांनीही कधी ऐकवलं नसेल. पालक महिन्यात हाती येतो, रोज पैसा देतो. वांग्याला तीन महिने. "तवरोक काय चुना खाऊ?" ती म्हणाली. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मग ती स्वतःच वाफ्यात उतरली आणि उपटायला लागली. तू पण उतरलास. दुसऱ्या मळ्यांतून भाजी घेऊन ती बाजारात बसायला लागली. सुटीच्या दिवशी तू आणि नामदेव भट्टीवरून चुनखडीची भुकटी आणून, शेणखत घालून, उघड्या हातांनी माती कालवत होतात. बॅटरीवाल्यानं तेजाब ओतणं बंद केलं. कुणी सांगायच्या आधीच त्यानं मागं खड्डा बांधून घेतला. बाई पालक खायची थांबली आणि दोन-अडीच महिन्यांत तिचा मुरडा गेला. मी तिला औषध कमी आणि दूध-गूळ जास्त सांगितलं होतं. याचं श्रेय तू मला दिलंस, तेवढं मी घेतलं.

आणि मग ती बाजाराची सकाळ. शेतकी खात्याची गाडी पुन्हा मूर्तिजापूरला आली. तुझ्या साहेबांनी तुला आदल्या दिवशी बजावलं होतं की असं काही बोलायचं नाही, लोकांचा विश्वास उडतो. तू भोंगा हातात घेतलास आणि म्हणालास, "मागं मी या बजारात पिवळ्या पानायवर उपाय सांगतला होता. तो जसा सांगतला तसा चुकीचा होता. माह्या सांगन्यानं एका घराले तरास झाला." पुढं तू सगळं सांगितलंस. बॅटरीच्या, छापखान्याच्या, कल्हईच्या दुकानामागं आंबट काही टाकू नका, चुना टाका, पालेभाजी लावू नका. लोक हसले. एक जण म्हणाला, सरकारच चुकते म्हणते, आता पाऊस पडते. सुभद्राबाई पाटी घेऊन समोरच बसली होती. ती हसली नाही. तू तिचं नाव घेतलं नाहीस, पण ती उभी राहिली आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली, "मले झाला होता तरास. आयका जरा." तेव्हा लोक ऐकायला लागले.

मी दवाखाना सोडून तिथं उभा होतो. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. तो मी तुला बोलून दाखवला नाही. उलट संध्याकाळी तुझ्या उच्चारांची टिंगल केली.

तुझी बदली वर डोंगरात, धारणीला झाली. ती शिक्षा नव्हती असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास. मी नकाशा बघितला होता. पण जाण्याआधीची ती सगळी वर्षं, दर रविवारी तू सुभद्राबाईच्या घरी त्याच वाफ्यातल्या वांग्याची भाजी खाल्लीस. आमच्याकडचं जेवण सुटलं. तुझ्या गावात बोभाटा झाला की दिगंबर बौद्धांच्या घरी जेवतो. तुझ्या काकांनी मला बोलावून विचारलं. मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "त्यायले जात दिसते, मले शिसं दिसते. म्या सांगतलेलं पीक म्या खाल्लं नाई त बाईनं कायले खावं?" महिन्याच्या महिन्याला मी तुझं आणि तिच्या घरच्यांचं रक्त काचेवर घेऊन बघायचो. कुणाच्या रक्तात ठिपके नव्हते. वांगी तू अकोल्यात तपासायचास, औषधाचा रंग हिरवाच राहायचा. सुभद्राबाईनं एकदा विचारलं, पालक कवा पेरू? तू म्हणालास, "मी सांगीन. तवरोक नाई."

धारणीहून तू दिवाळीला खाली यायचास, जीपमध्ये हाडं खिळखिळी करून. तिकडची तांबडी माती तुला परकी वाटायची. म्हणालास, तिथं चुना नावालाही नाही, हे शिसं तिथं पडलं असतं तर पहिल्याच पिकात वर आलं असतं. आपल्या काळ्या मातीनं फार सोसलं, गड्या, मग हरली. परत जाताना प्रत्येक वेळी तू वाफ्यातली माती आणि एका कोपऱ्यात मुद्दाम लावलेली पालकाची चार रोपं अकोल्याला तपासायला न्यायचास. शेवटच्या खेपेला रंग जवळपास हिरवाच राहिला होता. जवळपास. तू म्हणालास, अजून एक पाऊस जाऊ दे.

तो पाऊस तू अकोल्याच्या इस्पितळात काढलास. चेहरा सुजलेला, लघवी बंद होत आलेली. तिथल्या डॉक्टरांनी मला कागद दाखवले, मला ते बघायची गरज नव्हती. मूत्रपिंडं गेली होती. मी तुझ्या खाटेशी बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या बाजूनं बोललास. म्हणजे, दोष मातीचा नाही असं.

"गावचं पानी," तू म्हणालास. "माहा भाऊ बी याच्यानंच गेला. खारपानात जन्मलो, दुसरं काय होनार?"

ते खरं असू शकतं. तुमच्या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रोगी मी कितीतरी बघितले आहेत. पण शिसंही मूत्रपिंडावरच बसतं, हळूहळू, वर्षांनी. त्या पहिल्या वर्षी तू ती माती जिभेवर ठेवत होतास, उघड्या हातांनी कालवत होतास, त्याच हातांनी भाकर खात होतास. मी काय विचार करतोय ते तुला कळलं. तू माझं मनगट धरलंस, आणि तुझ्या हातात ताकद उरली नव्हती हे मला तेव्हा जाणवलं.

"बाईनं पुसलं त गावचं पानी सांगजो," तू म्हणालास. "दुसरं काई सांगू नको. ते जीव लावून घेईन."

मी हो म्हटलं. तू गेलास त्याच आठवड्यात.

काल सुभद्राबाई दवाखान्यात आली. तिला उशिरा कळलं. बाकावर बसली, घाम पुसला, आणि विचारलं, साहेब कशानं गेले. मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मूत्रपिंडं गेली, गावच्या खाऱ्या पाण्यानं.

"माह्या वाफ्यानं नाई ना?"

"नाही."

तिनं हातातली पिशवी चाचपली. मग म्हणाली, "मंग आता पालक पेराले हरकत नाई."

मला आधी कळलंच नाही. तिनं मला समजावून सांगितलं. साहेबानं ती माती चाखली, हातानं कालवली, तिच्यातलं इतकी वर्षं खाल्लं. त्यांना तिच्यापासून काही झालं नाही असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे माती निवळली. मोठीची शाळा संपली आहे, तिला अमरावतीला कॉलेजात घालायचं आहे, वांग्यावर ते होत नाही, पालकावर होईल. साहेब सांगणार होते कधी पेरायचा ते, ते आता नाहीत, तर डॉक्टरांनी सांगावं.

दिगू, तुझ्या त्या एका वाक्यातून पालक उगवेल, हे तुझ्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. मी म्हटलं, थांबा अजून.

"काहून?"

मी म्हटलं, साहेबांनी सांगितलं होतं, अजून एक पाऊस.

"पाऊस झाला." ती माझ्याकडं रोखून बघत होती. "डाक्तर, तुमी माह्यापासून काई लपवून राह्यले. साहेबाची चूक झाली त त्यायनं भर बजारात सांगतली. तुमी दार लावून बी सांगत नाई."

मग मी सांगितलं. तुझा शब्द मोडला. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. गावचं पाणी असेल, तुमची माती असेल, दोन्ही असेल. मेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर लिहिलेलं नसतं. तुम्हाला असं सांगू नको, असं ते म्हणाले होते, कारण तुम्ही जिवाला लावून घ्याल. आणि मातीचं म्हणाल तर अकोल्याला त्यांच्या जागी आता नवा माणूस आहे, मी माती आणि चार रोपं त्याच्याकडे पाठवतो. तो सांगेपर्यंत घरात पालक शिजायला नको, बाजारातही जायला नको.

ती रडली नाही. बाहेर पेशंट खोकत होते, कंपाउंडर दोनदा आत डोकावून गेला. मी त्याला हातानं थांबवलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, आणि विचारायचा मला अधिकारही नव्हता. शेवटी तिनं पिशवी उचलली.

"यंदा बी वांगेच लावीन," ती म्हणाली. "पोरीचं पाहू काई."

ती दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. पुढचं तिनं तुझ्यासाठीच म्हटलं होतं, मी फक्त समोर होतो, म्हणून ते तुला कळवतो.

"खरं लपवाच्या आधी त्यायनं मले पुसाले पाह्यजे होतं, डाक्तर. म्या सोसलं असतं."